शिवलेले खिसे

बेल्मिरो कातारीनोला व्हिला साल्गादात कुणी नावानं हाक मारत नसे. कोळणींपासून पाद्रीबाबापर्यंत सगळे त्याला 'डोळ्या' म्हणायचे. त्याचे डोळे काही मोठे नव्हते, घारेही नव्हते, साधे खारवलेल्या माशासारखे फिकट होते. पण एकदा पाहिलेलं तोंड त्यांच्यातून पुसलं जात नसे. पोर होता तेव्हा तारलीच्या लिलावात बापाच्या लेंग्याला धरून उभा असायचा आणि भर बाजारात ओरडायचा, "बाबा, हा मागं दाढी ठेवून आला होता! तुला बुडवून गेला तोच हा!" मग बाप त्या व्यापाऱ्याची गचांडी धरायचा, आणि पोराची ही करामत बघायला माणसं मासे सोडून गोळा व्हायची.

एवढ्या गुणावर त्याला कॅसिनोत नोकरी लागली. होडीवर न जाता, हात न सोलता, काळा कोट घालून पगार. बाप म्हणाला, "बघत उभं राहायचा पगार? मग आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायला पाहिजे."

कॅसिनो उभा राहिला तो सेनापतींच्या कृपेनं. लिस्बनमध्ये लष्करानं सत्ता घेतली, पार्लमेंटला कुलूप घातलं, वर्तमानपत्रांच्या तोंडाला पट्टी बांधली, आणि वर्ष-दीड वर्षातच फतवा काढला की समुद्रकाठच्या अमुक अमुक गावांत जुगार कायदेशीर. बोलायला बंदी, खेळायला परवानगी. पुढं सेनापती मागं सरले आणि त्यांच्या खुर्चीत तो काटकसरी म्हातारा बसला. तो रेडिओवरून साधं राहायला सांगायचा, घरात कोंबड्या पाळायचा म्हणे, पत्त्यांना त्यानं जन्मात हात लावला नव्हता. पण कॅसिनो त्यानंही बंद केला नाही. शेजारच्या स्पेनमध्ये त्यांच्या हुकूमशहानं जुगाराला बंदी ठेवली होती, त्यामुळं उन्हाळा लागला की स्पॅनिश कुटुंबंच्या कुटुंबं बसगाड्या भरून साल्गादाला यायची. बाया वाळूत, पोरं पाण्यात, बाप्ये चक्राच्या मेजावर. कराच्या पैशातून किनाऱ्यावर फरसबंद रस्ता झाला, दिवे लागले. पाद्रीबाबा रविवारी जुगाराच्या पापावर बोलायचा आणि सोमवारी देवळाच्या छपरासाठी कॅसिनोच्या डायरेक्टरकडं जायचा.

मात्र आत कुणाकुणाला बंदी, हे कायद्यानं ठरवलेलं होतं. सरकारी नोकर, शिपाई, शाळामास्तर, विद्यार्थी, बँकेचे रोखपाल, आणि अंगावरच्या कपड्यांवरून गरीब दिसणारा कुणीही. म्हणजे ज्याच्याकडं हरायला काही नाही आणि ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही आहे, दोघांनाही दार बंद. बाहेरच्या दालनात सिनेमा बघा, नाचा, सरबत प्या. आतल्या दाराशी डोळ्या उभा.

त्याचं काम एका शब्दाचंही नव्हतं. पांढरे हातमोजे तो घालत नसे, डाव्या हातात धरून उभा राहायचा. बंदीतलं एखादं तोंड दिसलं की हातमोजे डावीकडून उजव्या हातात जायचे. बस्स. तेवढ्यावर दोन धिप्पाड माणसं पुढं होऊन वाकायची आणि म्हणायची, "सिन्योर, आज आत फार गर्दी आहे." तमाशा नाही, आरडाओरडा नाही. सुरुवातीला ही खूण जमावी म्हणून तो घरी आरशापुढं मीठ भरायच्या पिशव्या या हातातून त्या हातात करायचा. बायको ओतीलिया कांदा चिरता चिरता म्हणायची, "ए माणसा, रडायला मला कांदा पुरे आहे, तू नको."

डोळ्याच्या पहिल्याच हंगामात वालादास आला. गोरा, नीटनेटका, कोलनचा वास मारणारा माणूस. तो राजकीय पोलिसांत आहे हे गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे सरकारी नोकर. म्हणजे बंदी. डोळ्यानं इमानेइतबारे हातमोजे उजवीकडं घेतले.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनं बोलावलं. "तू आंधळा आहेस का रे?"

"नाही साहेब. म्हणून तर ठेवलंय मला."

"मग या एका माणसापुरता आंधळा हो."

त्या एका माणसामागून हळूहळू आणखी झाले. गव्हर्नरसाहेबांचा पुतण्या, जकातीचा वरिष्ठ, एक कर्नल. डोळ्या त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या झुंबराकडं बघायला शिकला. वालादास मात्र दारातून जाताना त्याच्या चेहऱ्याकडं कधीच बघत नसे. त्याच्या डाव्या हाताकडं बघायचा, आणि हसायचा. पहिल्या दिवसाची खूण तो विसरला नव्हता.

आत काम करणाऱ्या सगळ्यांचे खिसे शिवलेले असत. मेजावरचं काही खिशात जाऊ नये म्हणून कॅसिनोचा नियमच होता तसा. पॅन्टचे, कोटाचे, सगळे. हंगाम सुरू व्हायच्या आधी गणवेश घरी यायचे आणि ओतीलिया दुहेरी दोऱ्यानं खिशांची तोंडं बंद करायची. शिवता शिवता तिची बडबड चालू. "कॅसिनोवाल्यांच्या लेखी माझा नवरा चोर. पाद्रीबाबाच्या लेखी पापी. आणि मला बघा, ना चोरीतलं काही मिळालं, ना पापातलं."

तिचा धाकटा भाऊ फिर्मिनो समोर बसून मक्याची भाकरी सूपमध्ये बुडवत हसायचा. त्यांची आई गेली तेव्हा फिर्मिनो दुधावरचा होता, ओतीलियानंच त्याला वाढवलेलं. स्वतःला मूल झालं नाही तेव्हा सगळी माया त्याच्यावर ओतली. शिकून तो डोंगराकडच्या एका गावात मास्तर झाला. मास्तर, म्हणजे त्यालाही कॅसिनोत बंदी.

"दाजी," तो म्हणायचा, "एक दिवस तुमच्या नाकाखालून आत जाऊन दाखवतो."

"जाऊन दाखव. वाइनचा बुधला माझ्याकडून."

मग दर उन्हाळ्यात तो खेळ. एका वर्षी फिर्मिनो मिशा लावून आला. एका वर्षी केसांना काळं फासून, स्पॅनिश बोलत, कुणाच्यातरी मावशीचा हात धरून. एका वर्षी तर पाद्रीचा झगा घालून. दर वेळी हातमोजे उजवीकडं गेले, दर वेळी दोघे धिप्पाड वाकले, आणि दर वेळी बुधला फिर्मिनोनं आणला. जेवताना तो कपाळाला हात लावायचा. "पण कळतं कशावरून?"

"कानावरून," डोळ्या सांगायचा. "तुझा डावा कान वरच्या बाजूला चिमटा काढल्यासारखा आहे. माणूस नाक रंगवील, दाढी लावील, कानाचं काय करील? आणि खरं सांगू, मी ठरवतच नाही. आधी हात हलतो, मग मला कळतं की तू आहेस."

ओतीलिया पोट धरून हसायची. हे तिघांचं सगळ्यात मोठं सुख होतं.

मग ते निवडणुकीचं वर्ष आलं. एका जनरलनं म्हाताऱ्याच्या माणसाविरुद्ध उभं राहायची छाती केली, आणि देशभर माणसं घराबाहेर आली. फिर्मिनोनं शाळेच्या भिंतीवर जनरलचा फोटो चिकटवला, चौकात भाषण केलं. मतपेट्या उघडल्या त्या आधीच ठरल्याप्रमाणे. फिर्मिनोची नोकरी गेली, मग घरझडती झाली, मग तो स्वतःच गेला. कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. मधूनच एखादी अनोळखी कोळीण ओतीलियाच्या टोपलीत मासा टाकताना पुटपुटायची, "बरा आहे." बस्स, तेवढंच.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्ट संपत आलेला, वालादास भर दुपारी त्यांच्या घरी आला. डोळ्या अंगणात तारली भाजत होता. वालादासनं न विचारता स्टूल ओढलं.

"दोना ओतीलिया, वासानं आलो. एक मिळेल का?"

ओतीलियानं भाकरीच्या तुकड्यावर मासा ठेवून दिला. त्यानं बोटांनी काटा अलगद सोडवला, अखंड, आणि ताटलीच्या कडेला ठेवला.

"तुझा मेव्हणा सरहद्द ओलांडायच्या बेतात आहे, बेल्मिरो. देवळातल्या माउलीच्या सणाला. मिरवणूक संपली की स्पॅनिश बसगाड्या परत निघतात, त्यांच्यात मिसळून. माझ्याकडं फोटो आहे. पण फोटोतलं पोरगं आता राहिलं नसणार. वजन वाढलं असेल, केस पांढरे केले असतील. माझी माणसं त्याच्या अंगावर आदळली तरी ओळखणार नाहीत." त्यानं बोटं चाटली. "तू ओळखशील."

"मला नाही वाटत, साहेब. वर्षं झाली."

"तुला वाटायचं काय आहे त्यात? माझ्यापुढं उभा राहा, दारात उभा राहतोस तसा. हे घर कॅसिनोचं आहे ना? छान आहे. समुद्र दिसतो." तो उठला. "मासा उत्तम होता, दोना ओतीलिया."

तो गेल्यावर ओतीलियानं त्याची ताटली विहिरीच्या दगडावर आपटून फोडली.

मग आत येऊन दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "येणार आहे तो. मला निरोप आहे. मिरवणुकीत स्पॅनिश लोकांबरोबर चालणार, मेणबत्ती घेऊन. तिथून बसमध्ये. ऐक, माणसा. तू जन्मभर त्या हरामखोरांकडं न बघायचा पगार घेतलास."

"घेतला."

"आता एकदा माझ्या भावाकडं फुकट बघू नकोस."

"ओतीलिया, तोंडातून शब्द काढणार नाही मी. जीभ तोडली तरी."

"तुझ्या जिभेची मला भीती नाही," ती म्हणाली. "तुझी जीभ कधी कुठं चालली?"

त्यानं ठरवलं होतं. हातमोजे घरीच ठेवायचे. साधे कपडे घालायचे. दोन्ही हात खिशात खुपसून देवळाच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. पण सणाच्या आदल्या दिवशी डायरेक्टरचा हुकूम आला. माउलीचं छत्र यंदा कॅसिनोनं दिलंय, दारूकामही कॅसिनोचं, तेव्हा सगळ्या नोकरांनी गणवेशात, टोपी घालून, चौकाच्या दोन्ही बाजूंनी ओळीनं उभं राहायचं.

गणवेश. त्या हंगामाच्या सुरुवातीला ओतीलियानंच दुहेरी दोऱ्यानं शिवलेला.

सणाच्या दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. होड्या रंगीत झेंड्यांनी मढवून वाळूवर ओढलेल्या, बैलांच्या शिंगांना कागदी फुलं. डोळ्या चौकाच्या पायरीवर उभा होता, त्याच्या मागं एक पायरी वर वालादास. कोलनचा वास मानेवर येत होता. हातमोजे नव्हते. रिकामे हात मांड्यांवर कुठं ठेवावेत कळत नव्हतं. दोनदा त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि शिवणीवरून घसरला. समोरच्या बाजूला, काळी शाल डोक्यावर घेऊन, बायकांच्या घोळक्यात ओतीलिया.

देवळाची घंटा वाजली. माउलीची पालखी कोळ्यांच्या खांद्यांवरून बाहेर आली, आणि सगळ्या बाप्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. डोळ्यानंही काढली. टोपी डाव्या हातात आली.

आधी पोरी आल्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये. मग देवळाचं बंधुमंडळ, मग पाद्रीबाबा, मग छत्र, मग पालखी. आणि मागं सगळे नवसाचे. त्यांच्यात स्पॅनिश बाया, नवरे, पोरं. एक जाडसर म्हातारा एका बाईच्या दंडाला धरून चालला होता. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा, एक पाय ओढत. हातातली मेणबत्ती उन्हानं वाकली होती.

दाढीच्या वर, चष्म्याच्या काडीखाली, चिमटा काढल्यासारखा कान.

डोळ्यानं नजर उचलली. वर, पालखीवर, माउलीच्या चांदीच्या होडीवर नेऊन ठेवली. तो मनात म्हणत होता, मी पाहिलं नाही. मी कुणालाच पाहिलं नाही. आयुष्यात कधी केली नव्हती इतक्या कळकळीनं त्यानं प्रार्थना केली. पाय ओढल्याचा आवाज त्याच्या समोरून गेला, पुढं गेला, गर्दीत मिसळला. त्याच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. झालं. गेला.

"मेहरबानी, बेल्मिरो," मागून वालादास म्हणाला.

"मी काय केलं? मी एक शब्द बोललो नाही, साहेब!"

"तू कधी बोलतोस?"

वालादासनं हनुवटी हलवली. पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना उभी असलेली चार-पाच माणसं अंगातली झोप झटकल्यासारखी मिरवणुकीत शिरली. डोळ्यानं खाली बघितलं. टोपी त्याच्या उजव्या हातात होती.

कधी गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. डावा हात मांडीपाशी रिकामा लोंबत होता. त्यानं टोपी परत डावीकडं घेतली, जसं काही त्यानं फरक पडणार होता. समोर ओतीलिया उभी होती. बसगाड्यांच्या बाजूनं आरडाओरड झाली, मेणबत्त्या पडल्या, बाया किंचाळल्या, पण तिनं तिकडं मान वळवली नाही. ती टोपीकडं बघत होती. ती खूण त्या चौकात तीनच माणसांनी पाहिली होती. एक तिनं, एक वालादासनं, आणि एक ज्याच्या हातात टोपी होती त्यानं.

घरी आल्यावर ती ओरडली नाही. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी वर बघत होतो, ओतीलिया. माउलीची शपथ."

"मी बघितलं तू कुठं बघत होतास ते."

"मी ठरवलं नव्हतं. हात..."

"काढ ती पॅन्ट."

तिनं कात्री घेतली, दिव्याजवळ न जाता, खिडकीच्या उजेडात बसली आणि उजव्या खिशाची शिवण टाका टाका करून उसवली. दोरे चुलीत टाकले. पॅन्ट त्याच्या अंगावर फेकली.

"घाल हात त्यात. आणि मला परत दाखवू नकोस."

त्यानं हात घातला.

पुढच्या हंगामात गणवेश घरी आले तसे तिनं ते कोपऱ्यात ठेवून दिले. "शिवायचे असतील तर तूच शीव." त्यानं सुई हातात घेतली, दोरा ओवला आणि तसाच बसून राहिला. खिसे उघडे ठेवून दारात उभं राहता येत नव्हतं, म्हणून डायरेक्टरनं त्याला कोट-टोप्या ठेवायच्या खोलीत टाकलं. तिथं तोंडं बघावी लागत नसत. बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा. डाव्या हातानं. वालादास यायचा, त्याची हॅट काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "दारात आता एक नवशिका उभा केलाय. बावळट आहे. सारखा तोंडानं बोलतो."

घर गेलं नाही. तेच ओतीलियाला सगळ्यात जास्त लागलं. कुणी काढलं असतं घरातून तर तिला रस्त्यावर बसून रडता आलं असतं, नवऱ्याच्या शेजारी बसता आलं असतं. आता समुद्र दिसणाऱ्या त्या खिडकीत बसून ती कांदा चिरायची आणि कांद्यावरही बोलायची नाही. एका घरात, एका चुलीवर, एका बिछान्यात दोघं राहिले. ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, आजारात उशाला बसायची. फक्त हसायचं तिनं सोडलं. फिर्मिनो समुद्रातल्या किल्ल्यात कैदेत होता. वर्षातून दोनदा ती त्याला भेटायला जायची, एकटी. परत आल्यावर एवढंच सांगायची, "बारीक झालाय." नाहीतर "खोकतो." तिकडं नवऱ्याबद्दल काय सांगितलं हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

खुर्चीतला म्हातारा खुर्चीवरून पडला, मग त्याच्या जागी दुसरा आला, मग म्हातारा मेला. कॅसिनो चालूच होता. शेवटी एका एप्रिलात सैनिक रणगाड्यांवर बसून लिस्बनमध्ये शिरले आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांत फुलं खोचली. किल्ल्याची दारं उघडली. वालादास दाढी वाढवून ब्राझीलला पळाला म्हणे. कुणी त्याला ओळखलं नाही.

मे महिन्यात फिर्मिनो घरी आला. पाठ वाकलेली, पुढचे दात नाहीत, आणि दाढी आता खरीच पांढरी. सगळी गल्ली दारात गोळा झाली. ओतीलियानं मोठ्या पातेल्यात माशांचा रस्सा केला होता. डोळ्या मेजाच्या कडेला बसला, डाव्या हातात चमचा धरून.

फिर्मिनो उभा राहिला. हातात वाइनचा पेला.

"सगळे ऐका," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटलेला होता, पण मास्तरचाच होता. "कुणी पकडून दिलं मला, माहीत नाही. बसवाला असेल, ती बाई असेल, देव जाणे. पण त्या दिवशी मी या माणसाच्या समोरून गेलो. वालादास त्याच्या मानेवर बसला होता. यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या क्षणाला मला कळलं, ओळखलं यानं. मेलो, म्हटलं. आणि माझ्या दाजीनं मान वर केली, माउलीकडं बघितलं, आणि मला जाऊ दिलं. किल्ल्यात मी रोज ते आठवायचो. म्हणायचो, सगळा देश विकला गेला, पण एक माणूस आहे ज्यानं मला बघून बघितलं नाही. त्याच्यावर मी एवढी वर्षं काढली."

गल्लीतल्या बाया डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डोळ्यानं ओतीलियाकडं बघितलं. ती पळी पातेल्यात घालून उभी होती. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या तोंडात तेव्हापासून होता.

"दाजी, उठा," फिर्मिनो म्हणाला. "हात द्या. दर उन्हाळ्यात हरलोय मी तुमच्याशी. आज बुधला माझाच." त्यानं उजवा हात पुढं केला. डोळ्याचा उजवा हात खिशात होता. तो तसाच बसून राहिला. लोक थांबले. फिर्मिनोचा हात मेजावर अधांतरी.

"काय झालं हाताला?" त्यानं बहिणीला विचारलं.

ओतीलियानं पळीभर रस्सा भावाच्या थाळीत ओतला, मग नवऱ्याच्या. कडेचा थेंब बोटानं पुसला.

"संधिवात," ती म्हणाली. "बाहेर काढला की दुखतो. तू बस. काटे बघून खा."